अधिजनुकीय स्मृती : पेशीला कसली आठवण?

प्रश्न : सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याचा तुटलेला पाय परत उगवतो, त्यावरच्या लेखात ‘पेशींची अधिजनुकीय स्मृती’ असं वाचलं. पेशीला मेंदू नाही, मग स्मृती कसली? आणि ‘पुनर्जनन’ऐवजी ‘पुनरुत्पादन’ चालेल का?

उत्तर : दुसरं आधी. नाही चालणार. पुनरुत्पादन म्हटलं की पिल्लं आठवतात. अवयव परत येतो ते पुनर्जनन.

आता स्मृती. मेक्सिकोतल्या ॲक्सोलॉटल या सॅलमँडरचा पाय कापला की जखमेवर कातडी सरकते आणि खाली पेशींचा गोळा जमतो, तो ब्लास्टेमा. त्यातल्या पेशी दिसायला सारख्याच. त्यामुळे त्या सगळं विसरून कोऱ्या होतात आणि त्यांचं काहीही बनू शकतं, असा बरीच वर्षं समज होता. जीवशास्त्रज्ञ एली तनाका यांच्या जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधल्या गटाने एकेका ऊतीच्या पेशींना हिरवं चमकणारं प्रथिन देऊन त्यांचा माग काढला (2009). स्नायूतून आलेल्या पेशींनी स्नायूच केले, कूर्चा नाही. मज्जातंतूंवर आवरण घालणाऱ्या श्वान पेशी श्वान पेशीच राहिल्या (हे नाव थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाचं, कुत्र्याचं नव्हे). आतल्या त्वचेच्या पेशी तेवढ्या मोकळ्या निघाल्या, त्यांनी कूर्चाही केली.

तेव्हा शब्द बरोबर आहे, पण घडून गेलेलं आठवणं या अर्थाने नाही. कोणती जनुकं उघडी, कोणती मिटलेली, याच्या रासायनिक खुणा डीएनएवर आणि तो ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर असतात. पेशी विभागली तरी त्या पुढे जाऊ शकतात. जनुकातली अक्षरं मात्र तीच. खुणा जनुकांच्या वरच्या, म्हणून ‘अधि’. नुसतं ‘जनुकीय स्मृती’ लिहिलंत तर अर्थच उलटेल.

शिवाय ‘पेशीची ओळख’ लिहिताना जपा. मी कोण (स्नायू की कूर्चा) हे एक, मी कुठली हे दुसरं. मनगटाशी कापलं तर पंजाच येतो, दंड येत नाही. या दुसऱ्यासाठी मी ‘स्थानस्मृती’ वापरतो. ती कूर्चेच्या पेशींत सापडली, श्वान पेशींत नाही.

ती कायमची कोरलेलीही नसते. करंगळीकडच्या बाजूच्या पेशींत हँड-2 हे जनुक एरवीही थोडं चालू असतं. पाय कापला की ते सोनिक हेजहॉग हा संकेत सुरू करतं आणि तो संकेत उलट हँड-2 वाढवतो. पाय पुरा झाला की संकेत थांबतो, हँड-2 टिकतं. तनाकांच्याच गटाने 2025 मध्ये दाखवलं की पुनर्जननाच्या वेळी अंगठ्याकडच्या पेशींना हा संकेत मिळाला, तर त्याही करंगळीकडच्या होऊन बसतात. म्हणून ‘कोरलेली’पेक्षा ‘राखलेली स्मृती’ लिहा.