मदत हवी आहे: सोलरसाठी जमीन भाड्याने देताना काय पाहावं?

रामराम मंडळी. साक्री तालुक्यात आमची चार एकर मुरमाड जमीन आहे, बाजरीसुद्धा धड येत नाही. सबस्टेशन जवळ असल्याने एक एजंट सोलर प्रकल्पासाठी करार घेऊन आलाय. मुदत २९ वर्षं, पण भाड्यातल्या दरवर्षीच्या वाढीची जागा कोरी! 'नंतर भरू' म्हणे. अण्णा पेन काढून बसले होते, मीच कागद ओढून घेतला.

सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरसाल ३ टक्के वाढ आहे. खासगीवाल्याकडून तेवढं मागता येतं का? सातबाऱ्यावर भाडेपट्ट्याची नोंद होते का? जमिनीवर पीककर्ज आहे, बँकेची एनओसी लागेल का? आमच्याच तालुक्यातल्या शिवाजीनगरच्या सोलर प्रकल्पाकडचं कोणी असेल तर प्लीज सांगा. सोमवारी एजंट परत येतोय.