बाइकला जंप-स्टार्टची कायमची जोडणी: वायर किती जाड घ्यावी?

मंडळी, मदत हवी आहे. माझी ३५० सीसीची बाइक, किक नाही, फक्त सेल्फ. गेल्या रविवारी ताम्हिणीत भर पावसात बॅटरी बसली. बटण दाबलं की नुसतं टकटक. एक कारवाले दादा थांबले, जंप-स्टार्टची, म्हणजे त्यांच्या बॅटरीवरून माझी बाइक सुरू करायची, केबलही होती त्यांच्याकडे. पण बॅटरी साइड पॅनेलच्या आत, जागा इतकी अडचणीची की लाल चिमटा चेसिसला लागता लागता राहिला. अजून छातीत धस्स होतं.

आता बॅटरीपासून दोन वायरी काढून सीटखाली झाकणवालं सॉकेट बसवायचंय. चार्जरसोबत येणारी बारीक वायर नकोच. तिचा ७.५ अँपिअरचा फ्यूज सेल्फच्या पहिल्याच झटक्यात उडेल.

१० चौरस मिमीची तांब्याची वायर, लांबी जेमतेम फूटभर, पुरेल का? ५० अँपिअरचं अँडरसन सॉकेट (जाड वायरी जोडायचं प्लास्टिकचं कनेक्टर) पावसात टिकतं का? आणि मुख्य अडचण फ्यूजची: मोठा टाकावा तर किती अँपिअरचा? न टाकावा तर पॉझिटिव्ह वायर घासून चेसिसला टेकली की सरळ आग, तेही पेट्रोलच्या टाकीजवळ. कोणी स्वतः बसवलं असेल तर वायर कुठून फिरवली त्याचा फोटो नक्की टाका.