मदत हवी आहे: शिआनला पहिल्यांदाच जातोय, दोघंच. टूर कंपनीशिवाय जमेल का?

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि नवरा चीनला जायचं म्हणतोय, आणि त्यातले जास्तीत जास्त दिवस शिआनला द्यायचे असं जवळपास ठरलंय. बीजिंगला उतरून तिथून ट्रेनने जाऊ. चीन आम्हा दोघांनाही नवीन, ओळखीत तिकडे गेलेलं कुणी नाही, म्हणून इथे विचारतेय. पोस्ट जरा मोठी झालीये, पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

शिआनच का, असं घरी सगळ्यांनी विचारलं. शिआन म्हणजे जुनं चांगआन, हान आणि थांग घराण्यांची राजधानी, रेशीम मार्गाचं पूर्वेकडचं टोक. पण आमचं खरं कारण युआन श्वांग, सातव्या शतकात भारतात आलेला चिनी बौद्ध भिक्खू. शाळेत हर्षवर्धनाच्या धड्यात दोन ओळी असायच्या ना, तोच. नवरा हायस्कूलवर इतिहास शिकवायचा, नुकताच रिटायर झालाय, आणि वर्गात दरवर्षी न चुकता सांगायचा की हा माणूस 641 च्या सुमाराला आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला, दुसऱ्या पुलकेशीचं राज्य त्याने पाहिलं आणि लिहून ठेवलं की इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत आणि सूड घ्यायचा तरी शत्रूला आधी कळवून घेतात. डोंगरात कोरलेल्या विहाराचं पण वर्णन आहे त्यात, दाराबाहेर दगडी हत्ती वगैरे, ते अजिंठाच असं बहुतेक अभ्यासक मानतात. तर हा माणूस 645 मध्ये चांगआनला परतला तो वीस घोड्यांवर 657 ग्रंथ लादून, आणि पुढे जवळजवळ मरेपर्यंत त्यांची भाषांतरं करत राहिला. ते ग्रंथ नीट राहावेत म्हणून 652 मध्ये बांधलेला पॅगोडा (दायेनथा, म्हणजे मोठा रानहंस पॅगोडा) अजून उभा आहे. अजिंठ्याला आम्ही कितीदा तरी गेलोय, सोळा नंबरच्या लेण्याखालचे हत्ती दरवेळी बघतो, आता हे दुसरं टोक बघायचंय.

आता अडचण. इथल्या एका टूर कंपनीकडे चौकशी केली तर त्यांच्या प्लॅनमध्ये शिआनला जेमतेम दीड दिवस, त्यात मातीचे सैनिक (टेराकोटा आर्मी), शहराची जुनी तटबंदी, मधेच जेडचं दुकान, आणि पॅगोडा म्हणजे बाहेरून फोटो काढायला अर्धा तास. पॅगोडासाठी आम्ही एवढ्या लांब जाणार आणि अर्धा तास? म्हणून स्वतःच जावं असं वाटतंय पण धीर होत नाहीये, कारण आम्हाला चिनी अक्षर एक वाचता येत नाही आणि तिकडे म्हणे गूगल, व्हॉट्सॅप काहीच चालत नाही.

तर विचारायचं ते असं. एक तर जेवण, नवरा पक्का शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, मी अंडं खाते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेणारच आहोत (आम्ही सोलापूरचे), पण तेवढ्यावर सगळे दिवस निघणार नाहीत. दुसरं म्हणजे पैसे, तिथे सगळं मोबाइलवरच असतं म्हणतात तर आपलं कार्ड त्यात जोडता येतं का की रोख न्यावी? आणि माझा उजवा गुडघा कुरकुर करतो, सपाटीवर कितीही चालते पण जिने नको वाटतात, मग तटबंदीवर जाणं होईल का? टेराकोटा आर्मीला स्वतः जाणं सोपं आहे की तेवढ्यापुरती गाडी करावी?

अजून एक, हे जरा मनातलं आहे. बीजिंगहून शिआनला जाणाऱ्या बऱ्याच ट्रेन शिजियाच्वांगवरून जातात असं कळलं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी तिथे आहे. सोलापूरच्या माणसाने त्या गावावरून नुसतं पुढे जावं हे मनाला पटत नाही. मधे उतरून, बघून, पुन्हा पुढची ट्रेन पकडणं एका दिवसात होईल का?

रानपाखरू: ताई, बिनधास्त जा, गेल्या वर्षी आम्ही दोघं असेच जाऊन आलो. व्हिसाचं काम मात्र आधी उरका, आपल्याला तिकडे व्हिसाशिवाय प्रवेश नाही, 240 तासांची ट्रान्झिटची सवलत पण भारतीयांना लागू नाही. अलीपे आणि वीचॅट ही पैसे भरायची दोन्ही चिनी ॲप इथूनच डाउनलोड करून, पासपोर्ट टाकून, व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड जोडून ठेवा. एका वेळी 200 युआनच्या वरचं पेमेंट असेल तर 3 टक्के जादा कापतात, त्याखाली काही नाही. भाजीवाल्यापासून मेट्रोपर्यंत सगळीकडे तेच चालतं, तरी थोडे सुटे युआन जवळ असू द्या, फोन बंद पडला तर पंचाईत नको. नेटसाठी इथूनच इंटरनॅशनल रोमिंग घेऊन गेलात तर व्हॉट्सॅप चालू राहतं, तिथल्या हॉटेलच्या वायफायवर नाही चालत. आणि हॉटेल बुक करताना परदेशी पाहुणे घेतात का ते आधी विचारा, काही छोटी हॉटेलं घेत नाहीत.

हळदीचं_पान: मी चीनमध्येच एमबीबीएस केलंय त्यामुळे जेवणाबद्दल सांगू शकते. नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, भाजीच्या पदार्थात हाडांचं सूप किंवा डुकराची चरबी असू शकते. "वो छ्र सू" म्हणजे मी शाकाहारी आहे, हे पाठ करा आणि शिवाय मांस, मासे, अंडं, चरबी, सूप काही नको असं चिनीत लिहून फोनवर सेव्ह करा, तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवणं बरं. शिआनमध्ये ल्यांगफी मिळेल, तांदळाच्या किंवा गव्हाच्या थंड पट्ट्या, वरून तिखट तेल आणि व्हिनेगर, काका आवडीने खातील. तुमच्यासाठी टोमॅटो-अंडं घातलेल्या ब्यांगब्यांग नूडल्स, पट्ट्यासारख्या रुंद असतात, एक बाउल दोघांना पुरेल एवढा. मुस्लिम मोहल्ल्यात बकऱ्याच्या मांसाचा वास सगळीकडे असतो हे आधीच सांगते, काकांना त्रास होईल कदाचित, पण तिथली पर्सिमनची गोड वडी आणि डाळिंबाचा रस चुकवू नका आणि त्याच गल्लीबोळातली मोठी मशीद तर नक्की बघा, छपरं, अंगण, कमानी सगळं चिनी घाटाचं, मिनाराच्या जागीसुद्धा पॅगोडासारखा मनोरा. बौद्ध पद्धतीची शाकाहारी हॉटेलं पण असतात, त्यात कांदा-लसूणसुद्धा नसतो.

जुना_वाटसरू: पॅगोडासाठी येताय हे वाचून फार बरं वाटलं. आत गेल्यावर लगेच वर चढायला धावू नका (जिनेच आहेत, सुमारे 64 मीटर उंच, तुम्ही खालीच थांबलात तरी चालेल). तळाशी दक्षिणेच्या दाराच्या दोन बाजूंना दोन शिलालेख आहेत, 653 मधले. सम्राट थायझोंगने युआन श्वांगच्या भाषांतरांना प्रस्तावना लिहिली होती, ती एकावर आणि त्याच्या मुलाचा लेख दुसऱ्यावर, अक्षर चू स्वेल्यांगचं, चिनी सुलेखनातलं मोठं नाव. लोक तिथून सरळ पुढे जातात. तुमचे मिस्टर इतिहासाचे म्हणजे त्यांना तिथून हलवणं अवघड जाईल. मेट्रोचं स्टेशन दायेनथा, लाइन 3 आणि 4.

तटबंदीचं म्हणाल तर वर जायला पायऱ्या आहेत पण एकदा चढलात की सगळं सपाट. मिंग काळातली आहे, घेर 13.7 किलोमीटर, वर बारा मीटरच्या आसपास रुंदी. सायकली भाड्याने मिळतात, पूर्ण फेरी दीड-दोन तासांची, दगड उंचसखल असल्याने हादरे बसतात म्हणून गुडघ्याला विजेवरची गाडी बरी. दक्षिण दरवाजाने संध्याकाळी चढा.

टेराकोटा आर्मीला स्वतः जा. मेट्रो लाइन 9 ने ह्वाछिंगछ्र, तिथून बस. तिकीट पासपोर्ट नंबरवर आधीच ऑनलाइन काढायचं, आणि स्टेशनबाहेर कुणी गाडीत बसा म्हणालं तर बसू नका, नकली पुतळ्यांच्या दुकानात नेतात. आधी खड्डा 3 आणि 2 बघा मग 1, म्हणजे चढत्या क्रमाने होतं. पहिला खड्डा 230 मीटर लांब आहे, गर्दी पुढच्या कठड्याशी असते, बाजूने मागे चालत गेलात की अजून जोडायचं काम चालू असलेले तुकडे दिसतात, ते मला उभ्या पुतळ्यांपेक्षा जास्त आवडले. 1974 मध्ये शेतकरी विहीर खणत होते तेव्हा हे सापडलं, आणि अजून बरंचसं जमिनीखालीच आहे. शान्शी इतिहास संग्रहालयाचं बुकिंग फार पटकन संपतं, नाही मिळालं तर शिआनमधल्याच दुसऱ्या, छोट्या रानहंस पॅगोडाशेजारचं शिआन म्युझियम करा. शिलालेखांचं जंगल म्हणतात ते म्युझियम मात्र सोडू नका, 781 मधला एक शिलालेख आहे, चीनमध्ये ख्रिस्ती धर्म कसा आला ते सांगणारा.

कोटणीसांचं: जमेल. बीजिंगहून शिजियाच्वांग जेमतेम सव्वा-दीड तास. सकाळी लवकर निघा, सामान स्टेशनवर ठेवा, टॅक्सीने स्मारकाला जाऊन या आणि दुपारची ट्रेन पकडा. दोन वेगळी तिकिटं काढायची एवढंच. पोचायला रात्र होईल, पण सोलापूरकरांनी हे करायलाच हवं असं माझं मत.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्या दोन शिलालेखांचं ऐकल्यापासून तो चू स्वेल्यांगबद्दल शोधत बसलाय. टूर कंपनीला नाही कळवलं आज. शिजियाच्वांग पण नक्की, इथल्या कोटणीस स्मारकासमोरची थोडी माती न्यायची होती पण माती नेऊ देत नाहीत म्हणे, मग स्मारकाचा फोटो छापून नेऊ.

आता एकच राहिलं. युआन श्वांगच्या अस्थी शहराच्या दक्षिणेला शिंगज्याव मंदिरात आहेत ना, तिथे मेट्रो दिसत नाहीये. ॲपवरून टॅक्सी करून गेलो तर परत यायला तिथून गाडी मिळते का, की येण्याजाण्याची एकच ठरवावी? कुणी गेलं असेल तर सांगा.