लेझरनंतर डावा गाल लाल, पुरळ आणि खाज. तव्यापुढे परत कधी उभी राहू? (मदत हवी आहे)

नमस्कार. फोटो टाकायचा धीर होत नाही, म्हणून शब्दांत जमेल तेवढं नीट सांगते. लांबलं तर सांभाळून घ्या, अर्धवट सांगून चुकीचा सल्ला मिळायला नको.

वय ३६, रंग गव्हाळ, उन्हात गेलं की लगेच काळवंडते. राहायला खारेगाव. आम्हा दोघी जावांचं नौपाड्यात पोळी-भाजी केंद्र आहे. कॉलेजच्या वयात मुरुमं फार आली आणि दोन्ही गालांवर खड्डे राहिले. तेव्हापासून फोटो काढताना मी मागच्या रांगेत उभी राहते. यंदा दिवाळीच्या फराळाचे पैसे हातात आले तेव्हा ठरवलं, हे स्वतःसाठी खर्च करायचे. ठाण्यातल्या एका क्लिनिकमध्ये २ डिसेंबरला फ्रॅक्शनल सीओटू लेझरचं पहिलं सिटिंग झालं. आज अकरा दिवस झाले.

पहिल्या रात्री चेहरा तिखट लागल्यासारखा पेटला होता. दुसऱ्या दिवशी आरशात पाहिलं तर गालांवर बारीक टिंबांची जाळी, रव्याच्या चाळणीचा ठसा उमटावा तशी. डोळ्यांखाली सूज. चौथ्या-पाचव्या दिवशी सगळं तपकिरी आणि खरखरीत झालं, बोट फिरवलं की भाजणीवरून फिरवल्यासारखं वाटायचं. मग आपोआप गळायला लागलं. इथपर्यंत दोन्ही गाल सारखेच होते.

सहाव्या दिवशी कामाला गेले. क्लिनिकमध्ये आधी विचारलं होतं, मी दिवसाचे सहा तास मोठ्या तव्यापुढे असते, चालेल का? काउंटरवरची मुलगी म्हणाली, काही होत नाही, दोन दिवसांत सगळे ऑफिसला जातात. हातात एक इंग्रजी कागद दिला. भाच्याकडून वाचून घेतला, त्यात ऊन टाळा एवढंच होतं, आचेबद्दल एक अक्षर नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा गाल इतके तापले होते की ओढणीचा स्पर्श नको वाटत होता. सासूबाईंना बघवेना. त्यांनी गॅलरीतल्या कुंडीतलं कोरफडीचं पान तोडून आणलं. मी म्हटलं, आधी एकाच गालाला लावून बघू. डाव्या गालाला लावलं. क्षणभर झोंबलं, मग गार वाटलं. म्हणून दुसऱ्या रात्रीही लावलं, पण तेही डाव्यालाच.

आठव्या दिवशी डावा गाल लालभडक, वर मोहरीएवढे दाणे आणि भयंकर खाज. उजवा गुलाबी आहे, पण शांत. क्लिनिकला फोटो पाठवला, उत्तर नाही. डॉक्टर एक आड एक शनिवारी येतात म्हणे. शेवटी केमिस्टकडून एक ट्यूब आणली. "ताई, ही सगळ्यावर चालते," म्हणाला. काल रात्री एकदाच लावली आणि आज सकाळी लाली निम्म्यावर आली! आता परत लावायचा मोह होतोय, पण ट्यूबवरची नावं भाच्याने शोधली आणि त्यात स्टिरॉइड आहे असं निघालं. त्यामुळे हात थांबला आहे.

मला हे कळायला हवंय की हा जंतुसंसर्ग आहे की आणखी काही. ट्यूब लावू की नको? सनस्क्रीन लावलं की डावा गाल चुरचुरतो आणि आचेपुढे घामाने अर्ध्या तासात ओघळतं, त्याचं काय करू? सासूबाई हळद-साय लावू म्हणतात, चालेल का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, तव्यापुढे परत कधी उभी राहू? जाऊ एकटी किती दिवस ओढणार? ५ जानेवारीपासून तिळाच्या वड्यांच्या ऑर्डरी आहेत, गुळाच्या पाकापुढे उभं राहावंच लागतं.

या खर्चाला घरात कुणी नको म्हटलं नव्हतं. म्हणूनच आता गालावर काळा डाग राहिला तर, या विचाराने झोप लागत नाही.

प्रतिसाद

ताई, मी नवी मुंबईत त्वचारोग विभागात बरीच वर्षं नर्स आहे. गाल न बघता निदान करता येत नाही, उद्याच त्वचातज्ज्ञाला दाखवा. तोवर एवढं वाचा.

तुम्ही एकाच गालाला लावून पाहिलं हे फार बरं केलंत. दोन्ही गालांना तेच लेझर, तीच आच, तोच घाम. फरक फक्त कोरफडीचा. पान ताजं तोडलं की सालीलगत पिवळा चीक निघतो. पान उभं धरून तो निथळू दिला नाही तर गरात उतरतो आणि तो त्वचेला झोंबतो. एरवी कदाचित तुम्हाला काहीच झालं नसतं. पण फ्रॅक्शनल लेझर त्वचेत हजारो सूक्ष्म छिद्रं पाडतं आणि मधली त्वचा शाबूत ठेवतं, त्या शाबूत त्वचेतूनच भरून येतं. ती टिंबांची जाळी म्हणजे हीच छिद्रं. वरून ती आठवड्याभरात मिटतात, पण नवी त्वचा अजून कोवळी असते. एरवी बाहेर राहणाऱ्या वस्तू आत शिरतात. हळद, लिंबू, बेसन, सुगंधी क्रीम, सगळंच. सासूबाईंची माया कळते, पण हळद-साय नको.

खाज आणि बारीक दाणे, तेही जिथे लावलं तेवढ्याच भागात, हे बहुतेक वेळा त्वचा बिथरल्याचं लक्षण असतं. संसर्गात सहसा खाजेपेक्षा दुखणं जास्त असतं आणि ते दिवसेंदिवस वाढतं. पू, मधासारखी पिवळी खपली, ताप यांपैकी काही दिसलं तर उद्याची वाट बघू नका. ओठांजवळ पाण्याच्या फोडांचा पुंजका आला तरी तसंच. ज्यांना पूर्वी ओठावर असे फोड (जर) उठलेले असतात त्यांच्यात लेझरनंतर त्यामागचा विषाणू परत डोकं वर काढू शकतो. म्हणून अशांना आधीपासूनच विषाणूविरोधी गोळ्या देतात. तुम्हाला कधी ओठावर असे फोड उठले होते का, हे डॉक्टरांना न विसरता सांगा.

आत्ता सगळं बंद करा. फेसवॉश, सनस्क्रीन, ट्यूब, सगळं. गार पाण्याने नुसता चेहरा धुवा, टॉवेलने पुसू नका, सुती कापडाने टिपा. केमिस्टकडे नॉर्मल सलाईन मिळतं, ते फ्रिजमध्ये ठेवून गॉझची घडी भिजवा आणि दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं गालावर ठेवा. बर्फ थेट लावू नका. त्यावर साध्या, बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. पातळच, जाड थरावर आच आणि घाम बसला की तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे येतात. खाजवू नका, नखाने खपली काढू नका. आपल्या रंगाच्या त्वचेवर डाग राहायचं ते एक मोठं कारण.

तव्याचं म्हणाल तर डॉक्टर सांगेपर्यंत नको. ऊन नसलं तरी नुसत्या आचेनेही लाली वाढते आणि ती जितकी रेंगाळते तितकी काळेपणाची भीती जास्त.

प्रतिसाद

खारेगावहून कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे. महापालिकेचं आहे, वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि ती ट्यूब सोबत न्या. खासगीत गेलात तर पाटीवर त्वचारोगातली एम.डी. किंवा डिप्लोमा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.

प्रतिसाद

मी पुरुष आहे, पण हेच लेझर दोन वर्षांपूर्वी केलं म्हणून लिहितो. मी सेल्समध्ये, घोडबंदर रोडवर दिवसभर बाईक. खपल्या गेल्या, चेहरा छान दिसला, आणि मी सनस्क्रीन सोडलं. तिसऱ्या आठवड्यात गालांवर कॉफी सांडल्यासारखे डाग आले. घाबरून रोज आरसा बघायचो. ते जायला सात-आठ महिने लागले, पण गेले. तुम्हालाही समजा आले तर ते कायमचे आहेत असं धरून बसू नका.

सनस्क्रीन झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडवालं विचारा. थोडं पांढरट दिसतं, पण मला तेच एक चाललं. शेअर रिक्षात कडेला बसू नका, छत्री घ्या. खिडकीच्या काचेतूनही किरणं येतात, हे मला फार उशिरा कळलं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. आज कळव्याला जाऊन आले. डॉक्टर मॅडमनी भिंगातून बघितलं. संसर्ग नाही. कोरफडीने बिथरलंय आणि आचेने त्यात भर घातली, असं म्हणाल्या. ओठावर तसे फोड मला कधी उठलेले नाहीत. खाजेची गोळी दिली, रात्री एक.

पण आता मी गोंधळले आहे. केमिस्टची ट्यूब बघून त्या चांगल्याच रागावल्या आणि स्वतः लिहून दिली तीही स्टिरॉइडचीच क्रीम! विचारायचा धीर झाला नाही, मागे मोठी रांग होती. नर्सताई, लावू ना?

प्रतिसाद

लावा ताई, त्यांनी सांगितली तेवढीच आणि तितकेच दिवस. किती दिवस दिलीय?

धागाकर्तीचा प्रतिसाद

चार दिवस, रात्री एकदा, फक्त डाव्या गालाला. मग बंद करून दाखवायला बोलावलंय.

प्रतिसाद

मग शंका ठेवू नका. ती बहुधा सौम्य असेल, मोजून दिलेली आहे आणि नंतर कुणीतरी गाल बघणार आहे. "सगळ्यावर चालते" म्हणून विकतात त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीव्र स्टिरॉइड असतं, जोडीला बुरशीचं आणि जंतूंचं औषध. लाली एका रात्रीत उतरते आणि तिथेच माणूस फसतं. महिनोन्महिने लावून त्वचा कागदासारखी पातळ झालेल्या, रक्तवाहिन्यांची जाळी दिसायला लागलेल्या बायका आम्ही ओपीडीत कायम बघतो. ट्यूब थांबवली की चेहरा पहिल्यापेक्षा जास्त पेटतो, म्हणून परत लावतात. तुम्ही एकदाच लावून थांबलात, त्याने काही बिघडलेलं नाही.

पुढचं सिटिंग क्लिनिकने कधी ठरवलंय? लाली आणि डाग पूर्ण बसल्याशिवाय जाऊ नका. आतली भरण पुढे तीन ते सहा महिने चालू राहते, पैसे वाया गेले हे आज ठरवायची घाई करू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आज २० डिसेंबर. दाखवून आले. दाणे गेले, खाज नाही. डाव्या गालावर फिकट तपकिरी छटा आहे, उजव्यावर नाही. मॅडम म्हणाल्या, ही थोडी गडद होऊन मग उतरेल, धीर धरा. झिंकवालं सनस्क्रीन सांगितलंय, आजपासून आधी दोन दिवस कानामागे लावून बघायचं, मग चेहऱ्याला. सकाळी घराबाहेर पडताना दोन बोटं भरून आणि बाहेर असले तर दर दोन तासांनी परत. मुरुमाच्या खड्ड्यांचं पुढचं सिटिंग मी पुढे ढकललं आहे.

सासूबाईंना फार वाईट वाटलं, दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांना सांगितलं की दोष चिकाचा होता, तुमचा नाही. काल स्वतःच गॉझच्या घड्या करून फ्रिजमध्ये ठेवल्या त्यांनी.

तव्याला जानेवारी अखेरपर्यंत मनाई आहे. जाऊ म्हणाली, पाक मी बघते, तू वड्या कापून पॅक कर. कट्टा दाराशी सरकवला आहे, तिथे वारा येतो आणि ऊन फक्त सकाळी नऊपर्यंत असतं. पोळ्यांना एक मुलगी ठेवली, तिचा पगार यंदा माझ्या वाट्यातून जाईल. एवढंच विचारायचं राहिलं: तीळ भाजताना धूर होतो, तेवढा वेळ मी बाहेर थांबले की पुरे, की त्या दिवशी जायलाच नको?