माळ्यावर सापडलेली ठासणीची बंदूक, बेकर आहे का?

पेठकर: मंडळी, मामांच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या माळ्यावर ठासणीची बंदूक मिळालीय. चापाच्या (म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीवर मुकुट, जीआर (ब्रिटिश राजा जॉर्जची आद्याक्षरं) आणि टॉवर (लंडनच्या टॉवरमधल्या शस्त्रागाराची खूण) असं कोरलंय, नळीत टॉर्च मारला तर आत वळणदार खाचा दिसतात. बेकर रायफल असेल का?

भटका_पुणेकर: खाचा मोज रे, सात असतील तर शक्यता बरीच. इझिकेल बेकरचं डिझाईन, १८०० पासून ब्रिटिश सैन्यात. नळी ३० इंची आणि तेवढ्यात खाचांचा फक्त पाव वेढा, त्यानेच गोळी गिरक्या घेत सरळ जायची, पण ठासताना जीव जायचा. दस्त्यात पितळी झाकणाचा कप्पा आहे का बघ, गोळीभोवती गुंडाळायचे तुकडे त्यात ठेवायचे.

जुनाबाजार: नुसत्या मुकुटावर भाळू नका, नकला ढिगाने आहेत. खरी कारागिरी चापात असते, घोडा (गारगोटी धरणारा हातोडा) सुटला की गारगोटी पोलादी पातीवर घासून ठिणग्या पाडते आणि त्याच फटक्यात पाती उलटून रंजकाची (बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूची) वाटी उघडते, सगळं निमिषात!! आणि अक्रोडाच्या लाकडात पट्टी अशी बसवलेली की फटीत नखही जाऊ नये. सैल दिसली तर मला तरी शंका येईल.

पेठकर: सात आहेत!! गंज काढायला पॉलिशपेपर मारू का?

जुनाबाजार: अजिबात नको, खुणा जातील. आधी जाणकाराकडून आत बार ठासलेला नाही ना ते तपासून घ्या, आणि परवान्याचंही विचारा.