हार्वेस्टरच्या नकाशावर एका आंब्याच्या दोन सावल्या पडल्यात, काय चुकतंय?

दूधगंगाकाठ यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. आमचं गाव कागल तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. चुलत्यांनी ऊसतोडणीचं हार्वेस्टर घेतलंय, त्याचं डिझेल, गाड्या आणि हिशोब मी बघतो. या हंगामात ओळखीच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी प्रोजेक्ट म्हणून त्यावर वजनाची पट्टी बसवली. एलिव्हेटरच्या (कापलेला ऊस वर चढवून गाडीत टाकणारा भाग) तळाचा पत्रा एका जागी कापला, तो तुकडा लोड सेलवर (वजन टिपणारा सेन्सर) ठेवला, वर जीपीएस आणि दर सेकंदाला नोंद करणारा एक डबा. टिपऱ्या, म्हणजे उसाचे तुकडे, साखळीबरोबर वर चढताना त्या तुकड्यावरून सरकतात, तेवढ्यात वजन टिपलं जातं. पोरं परीक्षेला गेली, डबा माझ्याकडं राहिला. आता रात्री जेवण झालं की मी लॅपटॉप उघडून त्याच्या नोंदींतून रानात कुठं किती ऊस आला याचा नकाशा काढत बसतो. घरात म्हणतात, याला येड लागलंय.

पहिली चाचणी आमच्याच ५२ गुंठ्यांत घेतली. उसाची जात को ८६०३२, पूर्वहंगामी लागण, सरी साडेचार फुटी. कारखान्याच्या काट्यावर तीन गाड्या गेल्या: १८.४२०, १९.८६० आणि १७.३१० टन. बेरीज ५५.५९०, म्हणजे गुंठ्याला टनाच्या थोडं वर. आमच्याकडं एवढं पडलं की चहा पाजावा लागतो. पण डब्याची बेरीज येते ७१.३ टन! एवढा ऊस आला असता तर मी इथं प्रश्न विचारत बसलो नसतो.

दुसरं, नकाशावर मधेमधे एकरी ३००-४०० टनाचे ठिपके दिसतात, आणि काही ओळींत सलग शून्य.

तिसरं सगळ्यात गमतीचं. रानाच्या मधोमध बांधावर जुना आंबा आहे. त्याच्या सावलीत दरवर्षी ऊस विरळ येतो, नांग्या भरल्या तरी उगवत नाही. तो विरळ पट्टा नकाशात दिसायलाच पाहिजे, आणि दिसतोयही. पण दोन ठिकाणी! मोजलं तर दोन्हींत साधारण १८ मीटरचं अंतर आहे. आंबा एकच आहे, मी स्वतः जाऊन बघून आलो.

एक चूक आधीच करून झालीय, ती सांगून ठेवतो. पहिल्यांदा फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली. त्यात अक्षांश-रेखांश चारच दशांश स्थळांवर आले, आणि सगळे ठिपके दहा-अकरा मीटरच्या अंतरावर रांगेत उभे राहिले, सात-आठ सऱ्या एकाच रेघेवर. मूळ फाईल जपून ठेवली होती म्हणून वाचलो.

कोणी हे काम केलंय का? (उतारा म्हणत नाही, टनेज म्हणतोय. आमच्याकडं उतारा म्हटलं की लोकांना साखरेचाच आठवतो.)

---

सरी_वरंबा यांचं उत्तर:

दादा, डबा बिघडलेला नाही. तो जे बघतोय ते खरंच लिहितोय, फक्त कुठं आणि कधी बघितलं ते चुकतंय.

आधी ७१ टनाचं बघू. पट्टीवर सेकंदाला किती ऊस गेला ते असं निघतं: पट्टीवरचं वजन गुणिले साखळीचा वेग, भागिले पट्टीची लांबी. समजा पट्टी ६० सेंटिमीटर, साखळी सेकंदाला २ मीटर आणि पट्टीवर ५ किलो, तर सेकंदाला साधारण १६.७ किलो. तुमच्या रानाला हा आकडा शोभतो. मशीन ताशी ४ किलोमीटरनं चाललं तर सेकंदाला १.११ मीटर, सरी १.३७ मीटर, म्हणजे दर सेकंदाला दीड चौरस मीटर रान कापलं जातं. एकरी ४३ टनाला तेवढ्या जागेत १६ किलोच ऊस असतो.

आता इन्फिल्डर (मशीनच्या बाजूनं चालणारी, ऊस भरून घेणारी गाडी) बदलताना काय होतं ते आठवा. ऑपरेटर एलिव्हेटर बंद करतो. साखळी थांबते, पण पट्टीवर टिपऱ्या तशाच पडून राहतात. पोरांनी साखळीचा वेग कायमचा एकच धरला असणार. म्हणजे मशीन उभं, चालक तंबाखू मळतोय, आणि डबा मात्र सेकंदाला दहा-पंधरा किलो ऊस मोजतोय. एलिव्हेटर चालू की बंद याची नोंद फाईलमध्ये आहे का बघा. नसेल तर पट्टीचं वजन ज्या वेळात अगदी स्थिर राहिलं तो वेळ शोधा. साखळी चालत असताना ते कधीच स्थिर नसतं, थरथरतंच. त्या सेकंदांना प्रवाह शून्य करा.

४०० टनाचे ठिपके त्याच्याच पुढचे. इन्फिल्डर आला, साखळी सुरू झाली, साठलेला ऊस धाडकन वर गेला, पण मशीन अजून इंचाइंचानं सरकतंय. ऊस भरपूर, जागा वीतभर, भागाकार गगनाला.

आणि इथं बहुतेक जण चुकतात (मी पहिल्या वर्षी चुकलोच). हे ठिपके दिसले की हात शिवशिवतात, सगळे पुसावेसे वाटतात. पण तो ऊस खरा आहे हो! गाडीत गेलाय, काट्यावर चढलाय. तो पुसून मग काट्याशी बेरीज जुळवायला गेलात तर बाकीचं सगळं रान उगाच फुगवून ठेवाल. म्हणून दोन वह्या करा. वजनाच्या वहीत साखळी चालू असलेला प्रत्येक सेकंद ठेवा, मशीन उभं असो की चालत असो, आणि त्या बेरजेवरूनच काट्याशी गुणक (काट्याचं वजन भागिले डब्याची बेरीज) काढा. तो गुणक लावून झाला की नकाशाच्या वहीत ताशी एका किलोमीटरच्या खालचे, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचे काही सेकंद आणि सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या पलीकडचे ठिपके खुशाल उडवा.

आंब्याचं आता सोपं आहे. बुडखा कापल्यापासून टिपऱ्या पट्टीवर येईपर्यंत मधे रोलर, तुकडे करणारे ड्रम, मोठा पंखा, एलिव्हेटरची खालची कुंडी. तोवर मशीन पुढं गेलेलं असतं, आणि डबा वजन लिहितो ते पुढच्या जागेवर. जाताना आंबा एका बाजूला सरकतो, येताना दुसऱ्या. १८ मीटरचे निम्मे ९, वेग १.११, म्हणजे साधारण ८ सेकंद. प्रत्येक वजनाला ८ सेकंद आधीची जागा द्या. मग ७ आणि ९ करूनही बघा. ज्या आकड्याला दोन सावल्या एकमेकींवर बसतील तो तुमच्या मशीनचा. लोक यासाठी मुद्दाम चाचण्या घेतात, तुमच्या आजोबांनी आंबा लावून ठेवलाय.

शेवटचं, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा यूटीएम झोन ४३ उत्तर या मोजमापात घ्या, म्हणजे अंतर मीटरमध्ये मिळेल. एकेक ठिपका बघत बसू नका, १० बाय १० मीटरच्या चौकटींची सरासरी काढा. तेवढी चौकट म्हणजे जवळजवळ एक गुंठाच. घरी दाखवायला बरं पडतं, "या गुंठ्यात ११०० किलो, त्या गुंठ्यात ८००" म्हटलं की कुणालाही कळतं.

---

शिरोळचा_ऑपरेटर यांचं उत्तर:

मला नकाशातलं काय कळत न्हाई, मशीनवर बसतो ते सांगतो.

शून्याच्या ओळी म्हणजे पडलेला ऊस आसंल. लोळलेल्या उसात दोन्ही बाजूनं तोडता येत न्हाई. एका बाजूनं कापत जायचं आणि रिकामं माघारी यायचं. माघारी येताना मशीन चालतंय, तुमचा डबा लिहितोय, ऊस काय न्हाई. त्या ओळी काढूनच टाका, न्हाईतर ते रान दोनदा धरलं जाईल.

दुसरं, पंखा. मोठा पंखा तुमच्या पट्टीच्या आधी हाय. त्यातनं पाचटाबरोबर उसाचे तुकडे बाहेर उडाले तर ते पट्टीला कधीच कळणार न्हाईत. आणि एलिव्हेटरच्या टोकाचा छोटा पंखा पट्टीच्या नंतर. तिथं उडणारा पाला पट्टीनं मोजलेला, पण काट्यावर जात न्हाई. पंखा जोरात ठेवला तर गाडी सोन्यासारखी स्वच्छ दिसती, कारखान्याचा माणूस खूश, आणि मालकाचा ऊस सरीत. पाचटात हात घालून बघा, चिंधड्या झालेल्या कांड्या सापडतील.

तिसरं, पट्टी धुवा. रस, माती आणि दव, पहाटेपर्यंत थर बसतो. एलिव्हेटर रिकामा चालवून आकडा काय दाखवतोय ते दर दोन-तीन तासांनी लिहून ठेवा. शून्याच्या जागी अर्धा किलो दिसलं तर रात्रभरात किती टनाचा घोळ, तुम्हीच करा हिशोब.

---

काट्यावर_उभा यांचं उत्तर:

एवढं मोजून मिळणार काय भावा? मशीनतोडीला पाचटाची वजावट कापूनच बिल येणार. पण एक विचारतो, ५५.५९० हे वजावटीच्या आधीचं का नंतरचं? पावतीवर भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन आणि वजावट वेगवेगळं असतं. पट्टीशी जुळवायचं तर वजावटीच्या आधीचं निव्वळ घ्या. वजावट कागदावर होते, पट्टीवर नाही.

---

दूधगंगाकाठ यांचं उत्तर:

सगळ्यांचे आभार. चार रात्री गेल्या, पण जमलं.

काट्यावर_उभा दादा, तपासलं, वजावटीच्या आधीचंच आहे. पण पावत्या काढल्यावर वेगळाच घोटाळा सापडला. तिसऱ्या गाडीचा ऊस फाईलमध्ये त्या तारखेला नव्हताच. ती गाडी रानात भरून झाली रात्री १:४० ला, आणि डब्यात तो ऊस आदल्या तारखेला २०:१० वाजता. डबा जीपीएसची जागतिक वेळ लिहितो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. दिवसाच्या तोडणीत तारीख बदलत नाही म्हणून लक्षात आलं नव्हतं.

साखळी थांबलेला वेळ शून्य केल्यावर बेरीज ७१.३ वरून ५८.९ टनावर आली. काट्याशी गुणक ०.९४४. उरलेला फरक छोट्या पंख्याचा पाला आणि पट्टीवरचा चिखल यांचा असावा. त्या रात्री पट्टी धुतली नव्हती हे कबूल करतो. वजनाची वही आणि नकाशाची वही ही कल्पना मला फार पटली. मी तर सरळ पुसायलाच बसलो होतो.

आंबा ८ सेकंदांना एक झाला. ७ ला थोडा लांबट दिसत होता, ९ ला परत फाटला. चुलत्यांना बोलावून दाखवलं. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे मला ठाऊक होतं की." मग बोट नदीकडच्या कोपऱ्यावर ठेवलं, "हे का लाल?"

तो कोपरा मलाही खटकला होता. बाकी रानात गुंठ्याला ११०० च्या आसपास, तिथल्या पाच-सहा चौकटींत ७५० ते ८००. मळीची जमीन, पाणी भरपूर, ऊस तिथंच सगळ्यात उंच होता, म्हणूनच तर लोळला. रिकाम्या माघारी फेऱ्या काढल्या तरी लाल रंग जाईना. मग सकाळी दोरी, ताणकाटा आणि पोतं घेऊन गेलो. दहा फूट बाय दहा फूट जागा आखली, पाचट बाजूला केलं. बुडखे कुठं जमिनीलगत, कुठं वीतभर वर. सुटलेले अख्खे ऊस, वर राहिलेल्या बुडख्यांचा कापून घेतलेला भाग आणि पंख्याच्या चिंधड्या, सगळं पोत्यात भरून तोललं तर ७ किलो. एकरी हिशोब केला तर ३ टन. आंब्याच्या अलीकडं उभ्या उसात तसाच चौकोन आखला, तिथं पोत्यात किलोभरही भरलं नाही.

म्हणजे कोपऱ्यातल्या कमी टनेजमधला एकरी अडीच-तीन टन ऊस रानानं दिला होता, आम्हीच सरीत टाकून आलो. पण नकाशातली तूट त्याच्यापेक्षा बरीच जास्त आहे, तेव्हा बाकीचं कशानं ते अजून शोधायचंय. लोळलेल्या उसाला उंदीर लागलेला दिसला, खालच्या कांड्यांना मुळ्याही फुटल्या होत्या. एका चौकोनावर निकाल द्यायला नको, आणखी चार-पाच आखतो.

शिरोळचे दादा, तुम्हाला एक विचारायचं आहे. लोळलेल्या उसात बुडखे वर राहू नयेत म्हणून कटर खाली घेतला तर माती येते, आणि वेग कमी केला तर आमचा चालक म्हणतो डिझेल परवडत नाही. तुम्ही अशा कोपऱ्यात ताशी किती वेग ठेवता, आणि पंखा किती कमी करता? शनिवारी शेजारच्या ७० गुंठ्यांत मशीन घालायचंय. तिथं नदीकडची निम्मी बाजू आडवी आहे. पट्टी धुवायला बादली आणि ब्रश केबिनमध्ये ठेवलाय.