मदत हवी आहे: आंब्याच्या रोपांची तांबूस पानं बकऱ्यांपासून लपायला असतात का?

मी इंदूरची, सिमरोलच्या बाजूला आमची थोडी जमीन आहे, तिथे बांधालगत देशी आंब्याच्या कोयी टाकल्या होत्या, पावसात मस्त उगवल्यात. कोवळी पानं तांबूस-चॉकलेटी, ओल्या फडक्यासारखी लोंबणारी, आणि खाली सागाचा पाचोळा, त्यामुळे वाकून बघितलं तरी रोप दिसत नाही, मधली फिकट शीर दिसली की मग कळतं इथे आहे म्हणून. बकऱ्यांनी शेजारचा शेवगा पार ओरबाडला पण ही शाबूत, ज्यांची पानं हिरवी झाली त्यातली काही मात्र खाल्ली. कमाल वाटली खरंच.

न्यूझीलंडच्या लान्सवूड नावाच्या झाडाबद्दल वाचलंय, २००९ मध्ये त्यावर अभ्यास झाला. लहानपणी पानं मातकट, पाचोळ्यात मिसळून जाणारी, झाड साधारण ३ मीटरच्या वर गेलं की सरळ हिरवी. तिथे मोआ नावाचा न उडणारा मोठा पक्षी झाडपाला खायचा, तो साधारण सहाशे वर्षांपूर्वी संपला, पण त्याची मान पोचायची तिथपर्यंत झाड अजून स्वतःला जपतंय! न्यूझीलंडच्याच चॅथम बेटांवर मोआ नव्हताच, तिथल्या त्याच्या भाऊबंद झाडात हा प्रकार नाही.

आता माझा घोळ असा की पक्ष्यांना रंग फार छान दिसतात, बकरीला मात्र लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. मग तांबूस रंगाचा तिच्यापुढे काय उपयोग? का पानं तुरट म्हणून सोडते? कडक उन्हापासून कोवळ्या पानाला वाचवायला हा रंग असतो असंही म्हणतात. रोपं न तोडता घरच्या घरी कसं तपासता येईल? कोणी करून बघितलंय का? प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, लाल-हिरवं कळत नसलं तरी उजळ-गडद बकरीला कळतंच, त्यामुळे गडद पान गडद पाचोळ्यात हरवू शकतं. कुंडीतली सारख्या वयाची तांबूस रोपं घ्या, अर्धी पाचोळ्यावर ठेवा, अर्धी हिरव्या गवतावर. गवतावरचीच खाल्ली तर लपण्याच्या मुद्द्याला बळ मिळतं, दोन्हीकडे सोडली तर कारण चव असू शकतं. दोन्हीकडच्या कुंड्यांना ऊन सारखं मिळू द्या. आणि बकरी वासानेही शोधते, म्हणून जागा रोज बदला, बांधावरच्या रोपांना तोवर बाभळीच्या काट्यांचं कुंपण कराच.